कृपया रिकामी डिस्क टाका

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी म्हणायला नको. रोज नागपूरहून कामठीला बसचे धक्के खात जायचं, तिथे कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवायचं, घरी येऊन कुकर लावायचा आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची, असं नऊ वर्षं केलं तर संतसुद्धा तापट होईल. आणि त्या नऊ वर्षांचं गाडं शेवटी एका पापडाएवढ्या काळ्या डबीपाशी येऊन अडलं, तर त्याने शिव्याच दिल्या असत्या. मी निदान पहिला अर्धा तास दिल्या नाहीत.

झालं असं की प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता, दुपारी चारपर्यंत. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. शुक्रवारी चार वाजून गेले की माझी नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात. प्रबंधाच्या पाच प्रती बांधून आल्या होत्या. लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. मी येता-जाता त्यांना हात लावून जायची. पण परिपत्रकात शेवटी एक बारीक ओळ होती : सोबत दोन सीडी जोडाव्यात, पेनड्राइव्ह चालणार नाही, पुसून परत लिहिता येणारी सीडी तर मुळीच चालणार नाही. एकदाच लिहिता येते तीच हवी.

आता माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. म्हणून आमच्या ह्यांनी बाहेरून जोडायचा एक राइटर मागवला, तीच ती काळी डबी. हे विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि निवृत्त झाल्या दिवसापासून स्वतःला इंजिनिअर समजू लागले. मिक्सर दुरुस्त केला तेव्हा दोन स्क्रू उरले होते. "कंपनीवाले जास्तीचे टाकतात," म्हणाले. ते दोन स्क्रू अजून फ्रिजवरच्या वाटीत आहेत.

राइटर आला, पण कोऱ्या डिस्क मिळेनात. ह्यांनी अख्खी इतवारी बाजारपेठ पालथी घातली. दुकानदार असे बघायचे, जसं काही हे कंदिलाची काच मागून राहिले आहेत. शेवटी लग्नाच्या शूटिंगचं सामान विकणाऱ्या एकाच्या माळ्यावर दहा डिस्कची एक चळत सापडली. त्याने फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "ही शेवटची. आता माल येत नाही." सोमवारी ती चळत घरी आली आणि माझ्या टेबलावर प्रबंधाशेजारी बसली. सोबत डिस्कवर नाव लिहायचं बारीक टोकाचं काळं मार्करही होतं.

इथे आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या अठ्ठ्याहत्तरच्या, माहेर काटोलकडचं. मी त्यांना आई म्हणते. आमचं जमत नाही असं नाही, पण जमतं असंही नाही. माझ्या पीएच.डी.ला त्यांनी नऊ वर्षांत कधी पीएच.डी. म्हटलं नाही. "तुहं ते झालं का वं?" एवढंच विचारायच्या. एखाद्या बाईला दुखण्याचं विचारतात ना, तसं.

आणि त्यांची एक सवय. घरात नवी वस्तू आली की श्री लिहिल्याशिवाय ती वापरायची नाही. डायरी झाली, गॅसचं पुस्तक झालं, फ्रिजचं वॉरंटी कार्ड झालं, मिठाची बरणीसुद्धा. माझ्या प्रबंधाची पहिली कच्ची प्रत गाईडसरांकडे गेली, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने श्री होतं. मला पत्ताच नाही. सरांनी त्याला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं : 'अशास्त्रीय'. त्या दिवशी घरी येऊन मी आईंना नको तितकं बोलले. माझ्या कागदांना हात लावायचा नाही, असं खडसावून सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझ्या एकाही कागदाला हात लावला नाही, हे मात्र खरं.

खरं तर माझा विषयच त्यांच्या हातातला होता. 'वऱ्हाड-नागपूर भागातील घरगुती वाळवण आणि साठवण'. कणकेचे सरगुंडे काडीवर कसे वळायचे, मुगवड्यांच्या पिठात कोहळा किती किसायचा, डाळीच्या पोत्यात कडुनिंबाचा पाला कधी घालायचा, यातलं अर्धं ज्ञान आईंचं. प्रबंधात त्या आहेत. 'उत्तरदात्री क्रमांक एक, वय ७८, शिक्षण चौथी.' नाव द्यायचं नसतं, शास्त्रीय पद्धत तशीच असते. ऋणनिर्देशात मी दीड पानभर आभार मानले होते : गाईडसर, ग्रंथपाल, टायपिंगवाला, आमचे हे, एवढंच काय, बसमध्ये रोज जागा धरून ठेवणाऱ्या मैत्रिणीसुद्धा. आई त्यात नव्हत्या. मुद्दाम गाळल्या असं नाही. घरच्या माणसाचं लक्षातच येत नाही, हे जास्त वाईट.

तर गुरुवारी सकाळी कॉलेजला सुट्टी टाकून मी लॅपटॉपसमोर बसले. डिस्क टाकली. डबीने घुर्रर्र केलं, दिवा लुकलुकला, आणि पडद्यावर पाटी आली : कृपया रिकामी डिस्क टाका.

"टाकली आहे," मी म्हटलं. यंत्राशी बोलायची मला सवय आहे, वर्गाचीच सवय ती.

पुन्हा काढली, पुन्हा टाकली. कृपया रिकामी डिस्क टाका. दुसरी डिस्क घेतली, तिसरी घेतली, चौथी घेतली. दर वेळी तेच, आणि वर ते 'कृपया'. त्या कृपयाचा मला फार राग आला. नीट बोलून काम न करणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत.

मग आमचे इंजिनिअर आले. त्यांनी डिस्क कडेला धरून उजेडात फिरवली, चष्मा कपाळावर ठेवून. मधल्या छिद्राजवळ तिळाएवढं काहीतरी काळं दिसत होतं. "हे काय आहे?" मी विचारलं.

"बॅच नंबर," हे म्हणाले. "प्रत्येक डिस्कवर राहते."

मी मान डोलावली. चाळिशीचा चष्मा मलाही आहे, पण तोही तेव्हा स्वयंपाकघरात होता.

ह्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली. मग नणंदेच्या लग्नाची जुनी सीडी शोधून आणली आणि आत सरकवली. ती सुरळीत चालली. पंगतीत बसलेल्या माझ्या चुलतसासऱ्यांनी तिसऱ्यांदा जिलबी मागितली, तिथपर्यंत आम्ही पाहिलं.

"म्हणजे वाचता येते त्याले," हे म्हणाले. "लिहिता येत नाही."

असे पुष्कळ मी कॉलेजात पाहिले आहेत, पण त्यांच्यावाचून माझं अडलं नव्हतं. इथे अडलं होतं.

मग ह्यांनी चौकातल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला फोन लावला. बारीक चणीचा माणूस, गळ्यात पट्ट्याला भिंग लटकवलेलं. त्याने फोनवर विचारलं, "वायरीचे दोन्ही पाय लावले का, काका? लिहाले जास्त पावर लागते." तेव्हा कळलं की वायरीला दोन तोंडं असतात. दुसऱ्या तोंडाला ह्यांनी रबर गुंडाळून ठेवलं होतं. स्पेअर समजून. मी फ्रिजवरच्या वाटीकडे पाहिलं.

दोन्ही पाय लावले. घुर्रर्र. कृपया रिकामी डिस्क टाका.

अकरा वाजले. ह्यांनी कानकोरण्याला कापूस गुंडाळला, कोलनवॉटरमध्ये बुडवला आणि डबीतलं भिंग पुसलं. डबीला लग्नघरासारखा वास सुटला, दुसरा काही फरक पडला नाही. बारा वाजले. नऊ वर्षं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या गावोगावच्या गच्च्यांवर उभं राहून कुरडया मोजण्यात गेल्या, लेकीच्या दहावीला मी टिपणं काढत बसले होते, आणि आता उद्या चार वाजता कोणीतरी टेबलामागून म्हणणार, सीडी नाही तर प्रबंध नाही. मला रडायला येत होतं, आणि रडायला आलं की मी चिडते.

नेमक्या तेव्हाच आतून आईंचा आवाज आला. "झालं का वं तुहं ते?"

"नाही झालं," मी ओरडले. "आणि दर अर्ध्या तासाने विचारू नका. विचारून होत नसते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वायर पुसायला घेतली. त्यांना जीव प्यारा आहे.

शेवटी डबी, वायर, लॅपटॉप आणि दहाही डिस्क पिशवीत घालून आम्ही स्कूटरवर चौकात गेलो. रिपेअरवाल्याने आधी स्वतःची एक डिस्क टाकली. पाच मिनिटांत लिहून बाहेर. मी इतकी खूश झाले की त्याला तीच विकत दे म्हटलं.

"नाही चालणार तुम्हाले, मॅडम. ही पुसून लिहाची आहे, टेस्टिंगसाठी ठेवली. कोऱ्या आता ठेवतच नाही, कोण घेते?" मग त्याने आमच्यातली एक उचलली, उलटी केली आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहत राहिला. मग दुसरी उचलली. मग तिसरी.

"काय आहे?" हे म्हणाले. "तो बॅच नंबर आहे."

"हो काका," तो म्हणाला. "बॅच नंबर श्री आहे."

मी भिंग हिसकावून घेतलं. छिद्राच्या अगदी वर, लग्नपत्रिकेवर लिहितात तसं मधोमध, बारीक काळ्या अक्षरात श्री. दहाच्या दहा डिस्कवर. माझ्याच मार्करने. छापील बाजूवर लिहिलं असतं तरी निभावलं असतं, पण छापील ती पाठ आणि चकाकणारं ते तोंड, असा हिशेब कोणाचा असेल ते मला विचारावं लागलं नाही. देवाचं नाव कोणी पाठीवर लिहिते का?

रिपेअरवाल्याने नीट समजावून सांगितलं. डिस्कवर लिहिणं आतून सुरू होतं, छिद्रापासून बाहेर. यंत्र आधी तिथे जाऊन बघतं. तिथेच काळं दिसलं की त्याला वाटतं, डिस्क नाहीच. "थोडं बाहेरच्या अंगाले लिहिलं असतं ना, तर बरंचसं काम झालं असतं," तो म्हणाला. "यांनी बरोबर सुरुवातीच्या जागेवर नेम धरला."

"पुसता येतं का?"

"येते ना. स्पिरिटने जाते." त्याने कापूस घेतला, बाटली उपडी केली, डिस्क हातात धरली, आणि थांबला. मग कापूस हळूच खाली ठेवला. "मॅडम, मी नाही पुसत. तुमच्या घरचं आहे, तुम्हीच पुसा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचा कीबोर्डचा भाव वाचू लागले होते. "आईले विचारलेलं बरं," भाव वाचता वाचताच म्हणाले.

आणि मी? माझ्या प्रबंधात 'वाळवणाविषयीच्या अंधश्रद्धा' असं एक आख्खं प्रकरण आहे. मी कापूस उचलला, डिस्कवर नेला, आणि माझाही हात पुढे जाईना. तीन शिकली-सवरली माणसं एका ओल्या कापसाभोवती उभी होती आणि घड्याळात दीड वाजला होता. मला आईंचा राग आलाच होता, आता स्वतःचाही आला, आणि हे दोन राग, तो कापूस आणि रिपेअरवाल्याने दिलेली स्पिरिटची बाटली एकत्र घेऊन मी स्कूटरवर मागे बसले.

रस्ताभर मी भाषण तयार केलं. पंचवीस वर्षांचं साठलेलं त्यात घेतलं. मी कामावर जायची तेव्हा शेजारणीला काय म्हणाल्या ते, लेकीच्या बारशाच्या वेळचं ते, 'तुहं ते' हे तर होतंच. आज एकदाचं सगळं बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. हे स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवत होते.

आई मागच्या अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्यापुढे डिस्क धरली.

"आई, हे तुम्ही लिहिलं?"

त्यांनी डिस्क पाहिली, मग मला पाहिलं. "दिसलं का तुले?" त्या म्हणाल्या. "मी तं लय बारीक लिहिलं होतं."

"काहून लिहिलं? मी सांगितलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून?"

"कागदाले नको म्हणली होतीस. मी कागदाले नाही लावला." मग शेंगेतले दाणे ताटलीत टाकत, खाली बघत म्हणाल्या, "त्या वक्ताले मी मोठं लिहिलं अन् त्या सरानं तुले लाल गोल केला. घरी येऊन रडली होतीस तू मोरीत, मले ऐकू आलं. म्हणून या खेपेले बारीक लिहिलं. कोणाले दिसू नये असं. हात कापते माहा, एकेकाले लय वेळ लागला. मंगळवारची दुपार गेली सारी. नऊ साल झाले वं तुहं ते चालू आहे. बिना श्रीचं कसं जाऊ देऊ?"

माझं भाषण तिथेच बसलं. मी त्यांच्याजवळ पायरीवर टेकले आणि काय झालं ते सांगितलं : यंत्र तिथून सुरू करतं, तिथलं काळं त्याला चालत नाही, उद्या चारपर्यंत जमा केलं नाही तर सगळं जाईल.

"म्हणजे माह्याचमुळं अडलं?"

मला नाही म्हणायचं होतं. पण त्यांच्यासमोर खोटं बोलायला जमलं नाही. "हो," मी म्हटलं. "आणि तुमचं श्री पुसायला कोणी तयार नाही. रिपेअरवाला नाही, हे नाही. मीही नाही."

आईंनी हात पदराला पुसले. "दे इकडं तो कापूस."

"अहो पण देवाचं नाव..."

"ते लिहिलं तवाच पोचलं," आई म्हणाल्या. "आता पुसलं काय अन् ठेवलं काय."

मी डिस्क धरून ठेवली आणि त्यांनी पुसली. वाती वळणारी बोटं ती, कापसाचं टोक इतकं बारीक केलं की बाजूला जरासुद्धा डाग गेला नाही. हे दारात उभे राहून बघत होते. तीन डिस्क पुसून झाल्यावर आई म्हणाल्या, "बास ना? बाकीच्या राहू दे." मी म्हटलं, बास.

लॅपटॉपसमोर बसले. डिस्क टाकली. घुर्रर्र. आणि पडद्यावर पहिल्यांदा दुसरी पाटी आली : डिस्क तयार आहे. लिहायला सुरुवात करू?

मी 'थांबा'वर बोट ठेवलं. ऋणनिर्देशाचं पान उघडलं. शेवटच्या परिच्छेदाखाली एक ओळ लिहिली. आईंचं पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट, आणि पुढे : यांनी मला वाळवण शिकवलं आणि या कामाच्या सुरुवातीला श्री लिहिलं.

मागून हे वाचत होते. "पण बांधलेल्या प्रतीत ही ओळ नाही," म्हणाले. "मग दोन्ही सारखं नाही राहत."

"तुम्ही तुमचे स्क्रू मोजा," मी म्हटलं आणि 'लिहा' दाबलं.

शुक्रवारी साडेतीनला मी विद्यापीठाच्या खिडकीपाशी होते. बाईंनी पाच प्रती मोजल्या, दोन सीडी पाहिल्या आणि एक छापील कागद पुढे सरकवला. 'सीडीतील मजकूर व छापील प्रत तंतोतंत सारखी असल्याचे मी प्रमाणित करते.'

"सेम आहे ना, मॅडम?"

"तंतोतंत," मी म्हटलं आणि सही केली. नऊ वर्षांच्या संशोधनात एवढी एकच गोष्ट मी खोटी लिहून दिली.

घरी आले तेव्हा आई अंगणातच होत्या. शेंगा आज वाटाण्याच्या होत्या. "झालं का वं तुहं ते?"

"झालं."

"उघडून पाह्यलं का त्याहिनं?"

"पाहतील नंतर."

"मंग बरं झालं पुसलं," त्या म्हणाल्या. "माह्यं काही राह्यलं असतं त्यात, तर तुले उगाच बोलले असते."

मी त्यांच्याजवळ बसले आणि ओंजळभर शेंगा सोलायला घेतल्या. "राहिलं आहे, आई," मी म्हटलं. "एक ओळ राहिली आहे. तुमच्या नावाची."

त्यांचे हात थांबले. मग घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "मंग पुस ना वं लवकर. तो सर पाहीन."

"आता नाही पुसता येत," मी म्हटलं. "त्या डिस्कवर एकदाच लिहिता येतं."